गुग्गुळाचे भवितव्य आणि आपले उत्तरदायित्व



राजारामपुरीत भरलेल्या आपल्या एका चर्चासत्रात एका ज्येष्ठ औषधनिर्मात्यांनी टेबलावर दोन बरण्या ठेवल्या. एकीत काही वर्षांपूर्वी खरेदी केलेला गुग्गुळ होता आणि दुसरीत अलीकडचा. पहिल्यातील खडे सोनेरी-पिवळट, पारदर्शक आणि बोटांना चिकटणारे होते. दुसऱ्यात काळपट गोळे, सालीचे तुकडे, वाळू आणि कसलासा पांढुरका डिंक यांचे मिश्रण होते. भाव मात्र दुसऱ्याचाच अधिक. त्यांनी एवढेच विचारले, "आता मी त्रिफळा गुग्गुळ कशाचा करू?" सभागृहात भेसळीविषयी पुष्कळ बोलणे झाले, व्यापाऱ्यांना दोष देऊन झाला, प्रयोगशाळेतील चाचण्यांची चर्चा झाली. परंतु चांगला गुग्गुळ मिळेनासा का झाला, हा मूळ प्रश्न कोणी विचारला नाही. तो विचारणे हे आमचे कर्तव्य होते आणि तेव्हा आम्हीही तो विचारला नाही. ती उणीव भरून काढण्यासाठी हा लेखप्रपंच.

ज्याचे शास्त्रीय नाव आज कॉमिफोरा वायटी असे आहे आणि जे जुन्या ग्रंथांतून बाल्समोडेंड्रॉन मुकुल किंवा कॉमिफोरा मुकुल या नावाने आढळते, ते गुग्गुळाचे झुडूप आपल्या सह्याद्रीचे नव्हे. राजस्थानातील अरवलीच्या खडकाळ उतारांवर, जैसलमेर-बाडमेरच्या कोरड्या टेकड्यांवर, कच्छ आणि सौराष्ट्राच्या माळांवर आणि सीमेपलीकडे सिंध-बलुचिस्तानात ते वाढते. पाऊस तुटपुंजा, माती थोडी, दगड पुष्कळ, अशी ही भूमी. वर्षाचा बराच काळ हे झुडूप निष्पर्ण असते. पाऊस पडला की पाने फुटतात आणि ओल सरली की गळतात. कागदासारखी सुटणारी साल, काटेरी वेड्यावाकड्या फांद्या आणि अत्यंत मंद वाढ ही त्याची लक्षणे. निर्यास काढण्याजोगे होण्यास त्याला साधारण आठ ते दहा वर्षे लागतात. कोल्हापुरातील एखादा विद्यार्थी आयुर्वेद महाविद्यालयात प्रवेश घेतो, पदवी मिळवतो, पदव्युत्तर शिक्षण पूर्ण करून राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीत आपला फलक लावतो, तितका काळ त्या झुडपाला केवळ वयात येण्यास लागतो.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत पूर्वी या वनस्पतीसमोर 'माहिती अपुरी' असा शेरा होता. २०१५ च्या मूल्यमापनात तिची नोंद 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात झाली. या शब्दाचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. निसर्गातून नामशेष होण्याच्या आधीची ही अखेरची पायरी आहे. संख्येतील घटीच्या निकषावर एखादी जाती या वर्गात घालावयाची, तर तीन पिढ्यांच्या काळात तिची संख्या ऐंशी टक्के वा त्याहून अधिक घटल्याचे दिसावे लागते. म्हणजे पणजोबांच्या काळी जेथे शंभर झुडपे होती, तेथे आज वीससुद्धा नाहीत. हे मूल्यमापन करणारे तज्ज्ञ कोणी दूरदेशीचे आयुर्वेदविरोधक नव्हते. औषधी वनस्पतींच्या संवर्धनासाठी आयुष्य वेचणारी आपल्याच देशातील माणसे त्यात होती.

हे का घडले?

याची कारणे एकाहून अधिक आहेत. अरवलीतील खाणी, चराई, जळणासाठी होणारी तोड आणि कच्छच्या माळांवर पसरलेली विलायती बाभूळ यांनी गुग्गुळाची जागा हिरावली. ही कारणे खरी आहेत. पण आपल्या व्यवसायाशी थेट संबंध असलेले कारण निराळे आहे आणि त्याकडेच आपण पाहिले पाहिजे.

गुग्गुळ काढण्याची पारंपरिक रीत अशी : हिवाळ्यात खोडाच्या सालीवर उथळ चीर द्यायची, हळूहळू पाझरणारा निर्यास गोळा करायचा आणि नंतर झुडपाला विश्रांती द्यायची. सालीच्या जाडीपेक्षा चीर खोल गेली नाही तर झुडूप जगते. मागणी वाढली तशी ही शिस्त मोडली. चीर खोल गेली, एका खोडावर अनेक चिरा पडल्या, कोवळी झुडपेही सुटली नाहीत. काही भागांत तर मोरचूद, जनावराचे मूत्र आणि गुग्गुळाचाच डिंक यांचा लेप चिरेवर लावण्याचा प्रकार रूढ झाला. त्याने पाझर वाढतो खरा. पण ते झुडूप आपले सर्व बळ त्या एकाच पाझरात ओतते आणि पुढच्या उन्हाळ्यात वाळून जाते. एथेफॉनसारख्या रसायनाने निर्यास कित्येक पटींनी वाढविता येतो, हे १९८० च्या दशकातील संशोधनाने दाखवून दिले. ते तंत्र काळजीपूर्वक, मोजक्या मात्रेत आणि प्रशिक्षित हातांनी वापरण्याचे होते. ते अडाणी हाती व अवाजवी मात्रेत गेले की काय होते, हे वेगळे सांगणे नलगे. अतिमात्रेत दिलेल्या औषधाचे काय होते, हे आपणा वैद्यांपेक्षा अधिक कोण जाणतो?

मेलेल्या झुडपाची जागा दुसरे घेईल, ही आशाही येथे तोकडी पडते. गुग्गुळाची बीजे रुजण्याचे प्रमाण अल्प असते. शिवाय दिल्ली विद्यापीठातील वनस्पतिशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात केलेल्या अभ्यासातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. या वनस्पतीची बहुतेक झुडपे स्त्रीजातीची असून नर झुडपे अत्यंत विरळ आहेत आणि बीजे पुष्कळदा परागसिंचनावाचूनच तयार होतात. अशा बीजातून येणारे रोप हे मातृवृक्षाची जणू प्रतिकृतीच असते. त्यामुळे जातीतील वैविध्य मर्यादित राहते आणि एखादा रोग वा हवामानातील बदल सोसण्याची तिची शक्तीही मर्यादित राहते. आयुर्वेदाच्या भाषेत बोलायचे तर या जातीचे व्याधिक्षमत्व मुळातच बेताचे आहे आणि त्यावर आपण नित्य रक्तमोक्षण चालविले आहे.

एका रुग्णाचा हिशेब

आमच्यातील काहींना वाटेल की, आपल्या लहानशा दवाखान्याचा वा औषधालयाचा या अवाढव्य व्यापारात असा कितीसा वाटा? म्हणून एक साधा हिशेब मांडतो. शार्ङ्गधरोक्त त्रिफळा गुग्गुळात त्रिफळा चूर्ण तीन पल, पिंपळी एक पल आणि गुग्गुळ पाच पल असे प्रमाण आहे. म्हणजे नऊ भागांत पाच भाग गुग्गुळ. अर्धा ग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीन वेळा दिल्या तर रुग्णाच्या पोटात रोज तीन ग्रॅम औषध जाते आणि त्यात सुमारे १.६७ ग्रॅम गुग्गुळ असतो. तीन महिन्यांत हा आकडा १५० ग्रॅमवर जातो. शोधनात होणारी घट धरलेली नाही.

एका पूर्ण वाढलेल्या झुडपापासून एका हंगामात, त्याला अपाय न करता, साधारणपणे दोनशे ते पाचशे ग्रॅम निर्यास मिळतो असे मानले जाते. याचा अर्थ असा की, आपण एका रुग्णाला तीन महिन्यांसाठी हा कल्प लिहून देतो तेव्हा अरवलीतील किंवा कच्छमधील एका झुडपाच्या हंगामी उत्पन्नाचा तिसरा हिस्सा ते तीन चतुर्थांश हिस्सा आपण त्या चिठ्ठीवर लिहीत असतो. योगराज गुग्गुळासारख्या कल्पात तर गुग्गुळ इतर सर्व चूर्णांच्या समभाग असतो. कैशोर, कांचनार, गोक्षुरादी, पुनर्नवा, सिंहनाद, लाक्षा, त्रयोदशांग अशी आपली नित्याची यादी केवढी लांब आहे! महाराष्ट्रातील हजारो दवाखान्यांतून दिवसभरात लिहिल्या जाणाऱ्या अशा चिठ्ठ्यांची बेरीज ज्याने त्याने आपल्या मनाशी करावी.

हा हिशेब मांडल्यावर आम्ही आमच्याच चिठ्ठ्या चाळून पाहिल्या. त्यातून जे दिसले ते लिहिताना संकोच वाटतो, पण लिहिलेच पाहिजे. गुग्गुळकल्प जेथे अनिवार्य होता अशा आमवात, मेदोरोग, ग्रंथी, भग्न, भगंदर यांच्या रुग्णांच्या जोडीला असे कितीतरी रुग्ण होते, ज्यांना तो केवळ सवयीने दिला गेला होता. गुडघा दुखतो, द्या योगराज. वजन वाढले, द्या त्रिफळा गुग्गुळ. पाच औषधांत सहावे म्हणून आणखी एखादा गुग्गुळ. स्नेहन, स्वेदन, लंघन किंवा साध्या शुंठी-एरंडाने जेथे काम भागले असते, तेथेही बरणीकडे हात गेला. हा दोष आमचा आहे. तो कोणा व्यापाऱ्याच्या माथी मारता येणार नाही.

कीर्तीने केलेली हानी

गुग्गुळाच्या आधुनिक कीर्तीचा इतिहास आपणास अभिमानास्पद वाटतो आणि ते साहजिक आहे. डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात १९६६ मध्ये सादर केलेल्या प्रबंधात, सुश्रुतसंहितेतील मेदोरोगाच्या वर्णनाचा धागा पकडून, सशांवरील प्रयोगांद्वारे गुग्गुळाचा रक्तातील मेदावर होणारा परिणाम दाखविला. पुढे लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने गुग्गुलिपिड विकसित केले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस ते बाजारात आले. एका प्राचीन वचनातून आधुनिक औषध निर्माण झाल्याचे हे उदाहरण आपण व्याख्यानांतून वारंवार देतो. परंतु त्याच कीर्तीने 'कोलेस्टेरॉलवर गुग्गुळ' हे समीकरण घरोघरी पोहोचविले आणि अरवलीच्या उतारांवरील चिरांची संख्या वाढविली, ही बाजू त्या व्याख्यानांत येत नाही.

२००३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठ आठवडे गुग्गुळाचा अर्क घेणाऱ्यांचे अपायकारक कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी किंचित वाढलेले आढळले. तो अर्क होता, शोधित गुग्गुळाचा शास्त्रोक्त कल्प नव्हता आणि तेथे प्रकृती, अग्नी, अवस्था यांचा विचार नव्हता, हे आपले म्हणणे योग्यच आहे. परंतु मग तोच न्याय आपणासही लागू होतो. केवळ रक्ततपासणीचा कागद पाहून, अवस्था न पाहता, आपणही गुग्गुळ देत असू तर त्या चाचणीवर टीका करण्याचा आपला अधिकार कोणता? भावमिश्रांनी नवा गुग्गुळ बृंहण करणारा आणि जुना लेखन करणारा असे स्पष्ट सांगितले आहे. मेदोरोगाच्या रुग्णासाठी आपल्या बरणीतील गुग्गुळ नवा की जुना, हे आपल्यापैकी किती जण विचारतात? भाववर्धनामुळे आणि तुटवड्यामुळे आज तो साठवून जुना करण्यास कोणास उसंत आहे?

प्रतिनिधी द्रव्याचा प्रश्न

यावर 'अभावे प्रतिनिधी' हे सूत्र पुढे येते. गुग्गुळ नसेल तर दुसरे काही वापरू, असे म्हणणारे मित्र आहेत. येथे शास्त्राचा नीट विचार व्हावा. ग्रंथकारांनी प्रतिनिधी सांगितला तो योगातील अप्रधान द्रव्यासाठी. प्रधान द्रव्याला प्रतिनिधी नाही. गुग्गुळकल्पांतून गुग्गुळ काढला तर उरते ते दुसरे औषध असते, त्याला तेच नाव देणे ही रुग्णाची फसवणूक होय. बाजारात सालईचा डिंक, कॉमिफोराच्या इतर जातींचे निर्यास आणि बाभळीचा डिंक गुग्गुळ म्हणून खपविले जातात, त्याला प्रतिनिधी म्हणत नाहीत. त्याला भेसळच म्हणावे लागेल.

सालई म्हणजे शल्लकी ही स्वतंत्र गुणांची वनस्पती आहे. सातपुड्यात, मेळघाटात, खानदेश-विदर्भातील कोरड्या डोंगरांवर ती आपल्याच राज्यात वाढते. संधिगत विकारांत शल्लकीला तिच्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या गुणकर्मांसाठी अवश्य स्थान द्यावे. मात्र तीही जंगलातूनच येते आणि तिच्या सालीवरही चीरच पडते, याचे विस्मरण होऊ नये. एका झाडावरचा घाव दुसऱ्यावर सरकविणे म्हणजे संवर्धन नव्हे.

अष्टवर्गाचे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर असावे. जीवक, ऋषभक, मेदा, महामेदा, काकोली, क्षीरकाकोली, ऋद्धी, वृद्धी ही आठ द्रव्ये राजांनाही दुर्लभ झाल्याचे भावमिश्रांनी आपल्या काळातच नोंदविले आणि त्यांच्या जागी शतावरी, विदारी, अश्वगंधा, वाराही ही द्रव्ये सांगितली. तेव्हापासून आपण च्यवनप्राश प्रतिनिधी द्रव्यांवरच बनवीत आलो आणि आज मूळ द्रव्यांची ओळख हाच विद्वानांच्या वादाचा विषय होऊन बसला आहे. औषधी द्रव्य बाजारातून जाते तेव्हा त्याचा अनुभवही वैद्याच्या हातून जातो. आपल्या नातवंडांनी योगराज गुग्गुळाविषयी 'यातील गुग्गुळ म्हणजे नेमके काय असावे' असे शोधनिबंध लिहावेत, अशी वेळ यावी काय?

आपल्याच डोंगरांतील धडा

अरवली आपणास दूर वाटत असेल तर राधानगरी, आजरा, चंदगड आणि आंबोलीच्या रानातील नरक्याची कथा आठवावी. १९६६ मध्ये मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे कर्करोगावर उपयुक्त ठरलेले द्रव्य वेगळे केले. यातील वाणी हे मूळचे आपल्या नंदुरबारचे, ही गोष्ट फारच थोड्यांना ठाऊक असते. पुढे १९७२ मध्ये तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतील नरक्यात विपुल असल्याचे दिसून आले. १९९६ मध्ये त्यापासून बनलेल्या औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. आणि ज्या झाडाला दुर्गंधामुळे कोणी हात लावीत नव्हते, ते कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या जंगलांतून मुळासकट तोडून पोत्यांनी बाहेर जाऊ लागले. तोडणाऱ्या गावकऱ्याला मिळाली किरकोळ मजुरी. वनखात्याने माल पकडला, गुन्हे दाखल झाले, वृत्तपत्रांतून मथळे आले. तेव्हा आपण सर्वांनी परक्या औषध कंपन्यांना दूषणे दिली होती. आमचा आजचा प्रश्न एवढाच आहे की, कच्छच्या एखाद्या गावकऱ्याने गुग्गुळाविषयी कोणाला दूषणे द्यावीत?

याच कोल्हापुरात उलट दिशेचे उदाहरणही आहे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाने कंदीलपुष्प वर्गातील अतिदुर्मीळ वनस्पती शोधून, त्यांची रोपे वाढवून, त्यांच्या संवर्धनाचे जे काम केले आहे ते देशभर वाखाणले गेले. मूठभर उरलेली वनस्पती पुन्हा रुजविता येते, याचा पुरावा आपल्या गावातच आहे. हिमालयातील कुष्ठाचेही तसेच. १९८५ पासून ही वनस्पती वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या सायटिस कराराच्या पहिल्या परिशिष्टात असून, लाहौलच्या शीत व शुष्क पर्वतात तिची लागवड केली जाते. जंगलावर निर्बंध आणि शेतात लागवड या दोन्ही गोष्टी एकत्र चालू शकतात, हे तेथे दिसते.

पुरवठा आणि कायदा

औषधनिर्मात्यांसाठी आणखी दोन गोष्टी सांगणे आवश्यक आहे. आपल्या देशातील उत्पादन अपुरे पडू लागल्यापासून गुग्गुळाचा मोठा हिस्सा पाकिस्तानातून येत असे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर तेथील मालावर दोनशे टक्के आयात शुल्क लागले आणि पहलगामच्या हल्ल्यानंतर २ मे २०२५ रोजी केंद्र सरकारने पाकिस्तानातून होणारी प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष अशी सर्व आयातच बंद केली. त्या निर्णयाच्या राष्ट्रीय औचित्याविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. परंतु सीमेपलीकडील माल थांबला की सगळा भार अरवली आणि कच्छमधील उरल्यासुरल्या झुडपांवर येतो, हे उघड आहे. अशा वेळी नेहमीच्या भावात, हवा तेवढा, 'अस्सल' गुग्गुळ कोणी देऊ करीत असेल तर तो आला कोठून, हा प्रश्न निर्मात्याने विचारलाच पाहिजे.

दुसरी गोष्ट कायद्याची. उत्तराखंड उच्च न्यायालयाने २१ डिसेंबर २०१८ रोजी दिव्य फार्मसीच्या प्रकरणात, देशी औषध कंपन्यांनाही जैविक संसाधनांच्या लाभात स्थानिकांना वाटा द्यावा लागेल, असा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ मध्ये जैविक विविधता कायद्यात दुरुस्ती होऊन नोंदणीकृत आयुष चिकित्सकांना आणि संहिताबद्ध ज्ञानाच्या वापराला पूर्वसूचना देण्याच्या बंधनातून सवलत मिळाली. आपल्यापैकी अनेकांनी या सवलतीचे स्वागत केले, आम्हीही केले. परंतु कायद्याचे बंधन सैल होते तेव्हा धर्माचे बंधन अधिक घट्ट व्हावयास हवे. ज्याच्यावर पहारा नाही त्याने स्वतःच जागे राहिले पाहिजे. शिवाय औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांतील नियम १५७-अ अन्वये परवानाधारक निर्मात्याने वर्षभरात वापरलेल्या कच्च्या द्रव्यांचा तपशील सादर करावयाचा असतोच. हा तक्ता आपल्याकडे एक कटकट म्हणून, अंदाजाने भरला जातो. तो प्रामाणिकपणे भरला गेला तर देशाला गुग्गुळ किती लागतो हे कळेल. रोग्याचे बल न मोजता चिकित्सा होत नाही, तसे मागणी न मोजता संवर्धन होत नाही.

काय करता येईल?

केवळ खंत व्यक्त करून लेख संपविणे आम्हास मान्य नाही. संपूर्ण बहिष्कार हाही मार्ग नव्हे. गुग्गुळ गोळा करून पोट भरणारी कुटुंबे त्या कोरड्या मुलखात आहेत. त्यांच्या हातचे उत्पन्न गेले तर ते झुडूप त्यांच्या लेखी जळणाच्या मोलाचे ठरेल. ज्या वनस्पतीला मोल आहे ती राखली जाण्याची शक्यता तरी असते. म्हणून वापर थांबविण्यापेक्षा वापराला शिस्त लावणे श्रेयस्कर, असे आमचे मत आहे. त्या दृष्टीने पुढील सूचना सभासदांच्या विचारार्थ मांडतो.

पहिली सूचना वैद्यांसाठी. गुग्गुळकल्प लिहिण्यापूर्वी 'याच्यावाचून भागेल काय?' हा प्रश्न स्वतःस विचारावा. जेथे अधिकार आहे तेथे निःशंकपणे द्यावा, परंतु मुदत ठरवून द्यावा. एका वेळी दोन-तीन गुग्गुळकल्प एकत्र देण्याची प्रथा बंद करावी. औषध 'चालू ठेवा' असा मोघम शेरा लिहू नये.

दुसरी सूचना निर्मात्यांसाठी. ज्या योगांत गुग्गुळ शास्त्राने सांगितलेला नाही, तेथे केवळ गोळी बांधण्यासाठी वा नावाला वजन यावे म्हणून तो घालू नये. खरेदी करताना प्रदेश, हंगाम आणि गोळा करण्याची पद्धत यांची लेखी माहिती मागावी. एकट्या लहान निर्मात्याला व्यापारी दाद देणार नाही, हे आम्ही जाणतो. म्हणून कोल्हापूर, सांगली आणि सातारा या जिल्ह्यांतील निर्मात्यांनी एकत्रित खरेदी करावी आणि उथळ चीर देऊन, झुडूप जगवून काढलेल्या मालाला चार पैसे अधिक देण्याची तयारी ठेवावी. भेसळीच्या पोत्यातून निघणारी माती आणि दगड यांची किंमत आज आपण देतच आहोत. तीच रक्कम झुडूप राखणाऱ्याच्या हाती गेली तर काय बिघडले?

तिसरी सूचना लागवडीची. गुग्गुळ छाट कलमांनी वाढविता येतो. केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेने राजस्थानात अजमेरजवळ मांगलियावास येथे गुग्गुळाचे क्षेत्र राखले आहे, राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ २००० पासून अशा लागवडींना साह्य करीत आहे आणि डॉ. विनीत सोनी यांच्यासारख्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी राजस्थानातील गावागावांत गुग्गुळ वाचविण्याची मोहीम चालविली आहे. आपल्या पन्हाळ्या-गगनबावड्याच्या पावसात हे झुडूप टिकणार नाही. परंतु जत, आटपाडी, माण, सांगोला या अवर्षणप्रवण तालुक्यांतील मुरमाड, निचऱ्याच्या माळांवर त्याचा प्रयोग करून पाहण्यास काय हरकत आहे? तेथे आपले अनेक सभासद आहेत, काहींच्या पडीक जमिनीही आहेत. त्याचा पहिला निर्यास हाती येण्यास दहा वर्षे लागतील. तो आमच्या पिढीच्या उपयोगी पडेलच असे नाही. परंतु आंब्याचे झाड लावणारा माणूस कधी आपल्या वयाचा हिशेब करीत नाही.

चौथी सूचना शिक्षणाची. द्रव्यगुणाच्या विद्यार्थ्यास गुग्गुळाचे पाच प्रकार, गुण, वीर्य, विपाक तोंडपाठ असतात. परंतु ते झुडूप आज कोणत्या अवस्थेत आहे, हे त्याला कोणी विचारीत नाही. प्रत्येक द्रव्याच्या अभ्यासात 'उपलब्धता व स्थिती' हे एक सदर असावे आणि आपल्या त्रैमासिकानेही दर अंकात एका द्रव्याविषयी अशी माहिती द्यावी.

चरकसंहितेच्या विमानस्थानात जनपदोद्ध्वंसाचे वर्णन आहे. भूमी बिघडण्यापूर्वी, औषधींचे रस-वीर्य नष्ट होण्यापूर्वी त्या संग्रही ठेवाव्यात, असे भगवान आत्रेय आपल्या शिष्यास सांगतात. काहीजण या उपदेशाचा अर्थ 'साठा करा' एवढाच घेतील. आम्हास त्यात निराळेच बोध दिसतो. भूमीचा ऱ्हास आणि औषधीचा ऱ्हास हे दोन नाहीत, आणि तो ऱ्हास रुग्णाच्या आधी वैद्याच्या ध्यानात आला पाहिजे, ही त्यामागील अपेक्षा आहे. आत्रेयांच्या काळी तो दैवाने वा राजाच्या अधर्माने होत असेल. आज त्यात आपल्या चिठ्ठीचाही वाटा आहे.

चर्चासत्रात त्या दोन बरण्या समोर ठेवणाऱ्या ज्येष्ठांना आम्ही त्या दिवशी समाधानकारक उत्तर देऊ शकलो नाही. आज इतकेच म्हणू शकतो की, चांगला गुग्गुळ पुन्हा हवा असेल तर प्रथम आपण तो कमी मागितला पाहिजे, नीट विचारून घेतला पाहिजे आणि योग्य मोल देऊन घेतला पाहिजे. वरील सूचनांवर येत्या वार्षिक सभेत साधकबाधक चर्चा व्हावी, मतभेद असल्यास ते मोकळेपणाने मांडले जावेत आणि निदान एकत्रित खरेदी व प्रायोगिक लागवड या दोन विषयांवर ठराव व्हावा, अशी सर्व सभासदांस नम्र विनंती करून आम्ही येथे थांबतो.